जनावराचं हृदय थांबवणारी विषं: कण्हेरीपासून कोंबडीच्या खाद्यापर्यंत

गाय सकाळी गोठ्यात मरून पडलेली दिसली की पहिला संशय सापावर जातो, नाहीतर शेजाऱ्याशी असलेल्या जुन्या वैरावर. गव्हाणीत काय उरलंय, आदल्या दिवशी बांधाकडेला कुणी कुंपणाची छाटणी टाकली होती का, हे बघायचं राहून जातं. साप चावून गुरं मरतात हे खरंच आहे. पण काही विषं थेट हृदयाचा ताल बिघडवतात, आणि त्यांनी आलेलं मरण बाहेरून बघणाऱ्याला सर्पदंश वाटू शकतं, पोटफुगी वाटू शकते, दुग्धज्वरही (व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटून गाय बसते तो आजार) वाटू शकतो. रक्त नाही, जखम नाही. म्हणून या विषांची ओळख असायला हवी. इथे रोगाचं नाव चुकलं तर उपचारानेच जनावर दगावू शकतं.

कण्हेरीपासून सुरुवात करतो. ती इतकी रोजच्या बघण्यातली आहे की तिची भीती उरलेली नाही. देवळाच्या आवारात, शाळेच्या कुंपणाला, हमरस्त्यांच्या दुभाजकांवर ती लावलेली असते. पाणी फार मागत नाही, धूर आणि धूळ सोसते, जवळजवळ वर्षभर फुलते, आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. पान इतकं कडू की झाडावरचं हिरवं पान जनावर सहसा खातच नाही. गुरं मरतात ती छाटलेली कण्हेर खाऊन. फांद्या वाळल्या की कडवटपणा कमी जाणवतो, विष मात्र टिकून राहतं. हीच पानं कडब्यात मिसळली आणि कडबाकुट्टीतून बारीक होऊन निघाली, की ती वेगळी काढणं गाईच्या हातात राहत नाही. उन्हाळ्यात चारा संपल्यावर भुकेलं जनावर हिरव्या कण्हेरीलाही तोंड घालतं. आणखी एक वाट निर्माल्याची. शंकराला, गणपतीला कण्हेरीची फुलं वाहतात, आणि निर्माल्य पायदळी तुडवलं जाऊ नये म्हणून बऱ्याच घरांत ते गाईपुढे ठेवतात. भावना चांगली आहे, पण कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ, सगळंच विषारी असतं. देवाच्या फुलांतून कण्हेर वेगळी काढून मगच बाकीचं गाईला द्यावं.

किती खाल्लं म्हणजे घात होतो? गाय आणि घोडा यांच्यासाठी पुस्तकांत दिलेला अंदाज शरीराच्या वजनाच्या ०.००५ टक्के वाळलेल्या पानांचा आहे. ४०० किलोच्या गाईला हा हिशोब लावला तर २० ग्रॅम होतात. एवढी पानं कुट्टीच्या पाटीत कुठे गेली ते दिसतही नाही.

ही एवढीशी पानं हृदयाला नेमकं काय करतात?

हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक सूक्ष्म पंप असतो. तो पेशीतलं सोडियम बाहेर टाकतो आणि बाहेरचं पोटॅशियम आत घेतो. झिरपणाऱ्या होडीत बसून सतत पाणी उपसणाऱ्या माणसासारखं त्याचं काम असतं, क्षणभरही थांबून चालत नाही. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्काऊ यांनी १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना हा पंप शोधला, आणि त्यासाठी १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. हाच तो पंप, याची खात्री पटवली एका विषाने. औआबेन हे आफ्रिकेत बाणांच्या टोकांना लावलं जाणारं वनस्पतीचं विष या पंपाला बंद पाडतं. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन औआबेनच्याच कुळातलं आहे.

पंप बंद पडला की पेशीत सोडियम साठतं. साठलेल्या सोडियममुळे कॅल्शियम बाहेर टाकायची पेशीची व्यवस्था अडते, म्हणून कॅल्शियमही साठतं. हृदयाचा स्नायू आकसतो तो कॅल्शियमच्या इशाऱ्यावर. थोडं कॅल्शियम वाढलं तर हृदय जोराने आकसतं, आणि इथवर हे विष नसून औषध असतं. इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधले डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटॅलिस या झाडाच्या पानांबद्दल लिहिलं ते याच परिणामाबद्दल. डिगॉक्सिन हे औषध त्याच घराण्यातलं, आजही हृदय दुबळं झालेल्या माणसांना आणि कुत्र्यांनाही अगदी मोजून दिलं जातं. पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. कॅल्शियम आणखी वाढलं की पेशी आपल्या मनाने, वेळ नसताना ठोके देऊ लागतात. दुसरीकडे मज्जातंतूंवरच्या परिणामाने हृदयाचा नेहमीचा ठोका मंदावतो, वरच्या कप्प्यातून खाली येणारा संदेश वाटेत अडतो. एकाच हृदयात मंद ठोका, चुकलेला ठोका आणि अवेळी आलेला ठोका, असा सगळा गोंधळ सुरू होतो. पुढे ताल पूर्ण तुटतो आणि रक्त पुढे जाणं थांबतं.

आता हेच गोठ्यात कसं दिसतं ते पाहा. कण्हेर पोटात गेल्यावर काही तासांत गाय खाणं सोडते, रवंथ बंद होतो. लाळ गळते, पोट दुखल्यासारखी ती ऊठबस करते, दात खाते. पातळ शेण होतं, कधी त्यात रक्त असतं. कोटीपोटाची, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटाची, हालचाल मंदावून पोट थोडं फुगतं. कान आणि पाय गार पडतात, चालताना झोकांड्या जातात, मग ती बसते आणि उठत नाही. काही गाई यातलं काहीही न दाखवता चालता चालता कोसळतात. हृदयाकडे लक्ष नसलं तर ही सगळी लक्षणं दुसऱ्याच आजाराची वाटतात.

आणि इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. बसलेली, गार कानांची, मलूल गाय दिसली की आपल्याकडे पहिला विचार दुग्धज्वराचा येतो, आणि दुग्धज्वर म्हटलं की कॅल्शियमची बाटली. खऱ्या दुग्धज्वरात ती बाटली गाईला अक्षरशः उभी करते, त्यामुळे तिच्यावर लोकांचा विश्वास आहे आणि तो रास्त आहे. पण ज्या हृदयाच्या पेशी आधीच कॅल्शियमने भरल्यात, त्यात शिरेतून आणखी कॅल्शियम सोडणं म्हणजे हृदयाला थांबवण्याच्या दिशेने ढकलणं आहे. कण्हेरीच्या विषबाधेत पशुवैद्यक शिरेतून कॅल्शियम द्यायचं टाळतात ते यासाठीच. दुग्धज्वर बहुतेक वेळा व्यायल्यापासून तीन दिवसांच्या आत होतो. गाय विऊन चार महिने झालेत, गाभण आहे की नाही तेही ठाऊक नाही, आणि ती अचानक बसली, तर बाटली लावण्याआधी छातीला स्टेथोस्कोप लागलाच पाहिजे.

कॅल्शियमबद्दल आणखी थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण कण्हेर नसतानाही ही बाटली हृदय थांबवू शकते. शिरेतून कॅल्शियम भराभर सोडलं तर धडधाकट गाईचं हृदयही ताल सोडतं. म्हणून जाणकार डॉक्टर बाटली अंगाच्या ऊबेइतकी कोमट करतात, १० ते २० मिनिटं घेऊन सावकाश सोडतात, आणि तेवढा वेळ एक हात नाहीतर कान हृदयावर ठेवतात. ठोके चुकू लागले की बाटली खाली घेतात, थांबतात, मग पुन्हा हळू सुरू करतात. बाटली उंच धरून पाच मिनिटांत रिकामी करणाऱ्याच्या हाती गाय देऊ नये, मग तो कितीही अनुभवी असल्याचं सांगो.

घरच्या घरीही हृदयाचा अंदाज घेता येतो. गाईच्या डाव्या कोपराच्या मागे छातीवर तळहात घट्ट टेकवला की ठोका लागतो. शांत उभ्या मोठ्या गाईचे ठोके मिनिटाला साधारण ४८ ते ८४ असतात, घोड्याचे २८ ते ४४. आकड्याइतकाच ताल महत्त्वाचा. दोन-तीन ठोके नीट, मग एक गायब, मग दोन घाईने, असं लागलं तर फोनवर डॉक्टरांना हेच आधी सांगा.

कण्हेरीचे नातेवाईक

ओलिअँड्रिनच्या जातीची विषं निसर्गात बरीच पसरलेली आहेत. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तिच्या बियांत हे विष भरपूर असतं. श्रीलंकेत बिट्टीच्या बिया खाऊन आत्महत्या करण्याचं प्रमाण १९८० च्या दशकापासून इतकं वाढलं की माणसांच्या उपचारांवरचे काही मोठे अभ्यास तिथेच झाले. डिगॉक्सिनला बांधून ठेवणाऱ्या प्रतिपिंडांचं इंजेक्शन बिट्टीच्या विषावरही चालतं हे तिथे दिसलं. जनावरांतही ते वापरता येतं, पण त्याची किंमत आणि गाईचं वजन पाहता गोठ्यात त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही.

रुईच्या चिकातही हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत. मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो तीच ही रुई. तिची पानं खाऊन वाढणारी एक फुलपाखराची अळी ते विष अंगात साठवते, आणि मग पक्षी त्या फुलपाखराला टाळतात. शेळ्या रुईची वाळकी पानं खाताना दिसतात म्हणून ती निर्धोक आहे असं समजू नये. शेळी थोडं इथलं, थोडं तिथलं खाते, म्हणून निभावतं. दावणीला बांधून फक्त रुई टाकली तर ती गोष्ट वेगळी.

पानफुटी मात्र लोकांना आश्चर्यात टाकते. खिडकीतल्या कुंडीत असते, पान मातीत खोचलं की कडांना रोपं फुटतात, मुलांना शाळेत हेच झाड दाखवतात. हिच्या आणि हिच्या जवळच्या झाडांच्या फुलांत हृदयावर चालणारं विष असतं. ऑस्ट्रेलियात या कुळातलं एक झाड रानभर माजलं आहे. न्यू साउथ वेल्समधल्या मोरी गावाजवळ १९९७ साली ते खाऊन १२५ गुरं मेली. दक्षिण आफ्रिकेत याच कुळातल्या झाडांनी शेळ्या-मेंढ्यांना 'क्रिंपसिक्टे' नावाचा आजार होतो. त्यात विष रोज थोडं थोडं साठत जातं, मान वाकडी होते, पाय लटपटतात. घरात ससा असेल, कुत्र्याचं पिल्लू असेल, तर पानफुटीची कुंडी वर टांगावी.

याच रसायनाचा प्राण्यांतला धनी म्हणजे भेक. पहिल्या पावसानंतर अंगणात, दिव्याखाली किडे टिपायला येणारा, खरखरीत कातडीचा, उड्या मारण्यापेक्षा रांगत चालणारा. त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. कुत्र्याने त्याला तोंडात धरून दाबलं की त्यांतून पांढरट चिकट स्राव बाहेर पडतो. काही मिनिटांत कुत्रा फेसाळ लाळ गाळू लागतो, पंजाने तोंड खाजवतो, हिरड्या लालभडक होतात. मात्रा जास्त झाली तर झटके येतात आणि हृदयाचा ताल जातो. आपल्याकडच्या भेकाने बहुतेक वेळा लाळेवर निभावतं. ऑस्ट्रेलियात मात्र उसावरचे किडे खातील म्हणून १९३५ साली क्वीन्सलँडमध्ये सोडलेला मोठा भेक पाळीव आणि रानटी अशा दोन्ही प्राण्यांच्या जिवावर उठला. किडे राहिले, भेक पसरत गेला. कुत्र्याने भेक धरल्याचं दिसलं तर त्याचं डोकं खाली झुकवून, पाण्याची धार तोंडाच्या एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाईल अशी सोडा, ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसा. पाणी घशाकडे ढकलू नका, ते फुप्फुसात जाईल.

स्नायूच मारणारी विषं

आतापर्यंतची विषं हृदयाचा ताल बिघडवत होती. दुसरा गट हृदयाचा स्नायूच मारतो. वाचलेल्या जनावरातही तिथे वण राहतो, आणि आठवड्यांनी, महिन्यांनी, चढावर ओझं ओढताना ते अचानक पडतं.

यात सगळ्यात आधी नाव घ्यावं लागतं मोनेन्सिनचं. कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून खाद्यात घालतात ते हे औषध. जमिनीतल्या एका जीवाणूपासून ते मिळतं, अमेरिकेत १९७१ पासून कोंबड्यांसाठी वापरात आहे, आणि गाईंच्या खाद्यातही मोजून दिलं जातं. पेशीच्या भिंतीतून ते सोडियम आत वाहून नेतं. कोंबडी शरीराच्या वजनाच्या किलोमागे सुमारे २०० मिलीग्रॅमपर्यंत तग धरते, गाय २० ते ३० च्या आसपास दगावू लागते, आणि घोडा किलोमागे अवघ्या २ ते ३ मिलीग्रॅमला. एकाच पिशवीतलं खाद्य एकाला औषध आणि दुसऱ्याला मरण ठरतं. ज्या घरी कोंबड्यांचा शेड आणि घोडा दोन्ही आहेत, किंवा ज्या गिरणीत एकाच मिक्सरमध्ये आधी कोंबडीचं आणि मग घोड्याचं खाद्य मिसळतात, तिथे हा अपघात होतो. घोडा खाणं टाकतो, घामाघूम होतो, मागचे पाय डगमगतात, हृदय धावू लागतं. उतारा नाही.

म्हशींबद्दलही हेच लक्षात ठेवावं. ब्राझीलमध्ये गाई आणि म्हशींना मोनेन्सिन देऊन केलेल्या अभ्यासात म्हशी जास्त हळव्या निघाल्या. आपल्याकडे खाद्यावरची सूचना गाय डोळ्यांसमोर ठेवून छापलेली असते आणि गोठ्यात असते म्हैस. उरलेलं कोंबडीखाद्य स्वस्तात मिळतं म्हणून म्हशीच्या आंबोणात टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. टायाम्युलिन हे डुकरांना आणि कोंबड्यांना दिलं जाणारं प्रतिजैविक मोनेन्सिनसोबत पोटात गेलं तर नेहमीच्या मात्रेलाही विषबाधा होते, हे कुक्कुटपालकांना माहीत असायला हवं.

सरकीची गोष्ट विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या प्रत्येक गोठ्याच्या जवळची आहे. दुभत्या म्हशीला सरकी किंवा सरकीची पेंड म्हणजे फॅट वाढवणारा खात्रीचा खुराक, आणि मोठ्या म्हशीला ती बेताने घातली तर बाधत नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं, कपाशीचं झाड ते किडींपासून बचावासाठी बनवतं. मोठ्या जनावराच्या कोटीपोटात त्याचा बराच भाग प्रथिनांना बांधला जातो आणि निरुपद्रवी होतो. पण वासराचं, रेडकाचं, करडाचं कोटीपोट पहिले काही महिने तयारच झालेलं नसतं. आई खाते तेच लेकरालाही, या न्यायाने त्यांना सरकी मिळाली तर गॉसिपॉल थेट रक्तात उतरतं. एका दिवसात काही होत नाही, आणि म्हणूनच ते कळत नाही. एक-दोन महिने वासरू खात राहतं, वाढ खुंटते, धाप लागते, छातीखाली आणि जबड्याखाली पाणी उतरतं, आणि एखाद्या दिवशी दूध प्यायला धावताना ते पडतं. धापेकडे बघून निमोनिया समजून प्रतिजैविकं दिली जातात. डुकरांना तर मोठेपणीही बाधतं, कारण त्यांना कोटीपोटच नाही. त्यांच्या खाद्यात आयर्न सल्फेट मिसळून गॉसिपॉल बांधून टाकण्याची पद्धत आहे. पेंड कशी काढली यावरही खूप काही ठरतं. दाब आणि उष्णतेने तेल काढताना गॉसिपॉल बरंचसं बांधलं जातं, अख्ख्या कच्च्या सरकीत ते मोकळं असतं. पैदाशीच्या वळूला सतत सरकी घालू नये, त्याचे शुक्राणू घटतात. लहान वासरांसाठी माझं मत स्पष्ट आहे: पहिले चार महिने सरकी नको, शेंगदाणा पेंड किंवा सोयाबीन पेंड घाला.

एव्होकॅडोची लागवड आता आपल्याकडेही होऊ लागली आहे म्हणून एक वाक्य. त्याच्या पानांतलं पर्सिन शेळ्यांच्या हृदयाच्या स्नायूला इजा करतं, आणि पिंजऱ्यातल्या पोपट-लव्हबर्डना फळसुद्धा मारू शकतं.

घोडे पाळणाऱ्यांनी लसूणघासातल्या किड्यांकडे लक्ष ठेवावं. अमेरिकेत वाळवलेल्या लसूणघासात दबून मेलेल्या फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे घोडे मरतात. त्यांच्यातलं कॅन्थॅरिडिन आतडं, मूत्राशय आणि हृदयाचा स्नायू पोळतं. किडा मेला, घास वाळला, तरी विष जात नाही.

घरातल्या डब्यांत आणि कपाटांत

कुत्र्यांच्या बाबतीत धोका शेतापेक्षा स्वयंपाकघरात जास्त आहे. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन आपल्या शरीरातून बरंच लवकर निघून जातं, कुत्र्याच्या शरीरात निम्मं व्हायलाच सुमारे १७ तास घेतं. किलोमागे २० मिलीग्रॅमला उलट्या आणि अस्वस्थपणा, ४० ते ५० ला हृदयाची धडधड आणि बिघडलेला ताल, ६० ला झटके. डार्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५ मिलीग्रॅम थिओब्रोमिन असतं. १० किलोच्या कुत्र्याने १०० ग्रॅमचा बार फस्त केला तर किलोमागे ५० होतात. दुधाळ चॉकलेटमध्ये निम्म्याहून कमी, पांढऱ्यात जवळजवळ नाही, आणि केक करायच्या कोको पावडरमध्ये सगळ्यांत जास्त. दिवाळीच्या भेटीचे खोके जमिनीवर ठेवू नका.

आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी कुत्र्याने चावली तर ती चॉकलेटपेक्षा गंभीर बाब आहे. अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात, अॅटेनोलॉलसारख्या हृदयाचा वेग उतरवतात. माणसाची एक गोळी ६० किलोच्या अंगासाठी बनलेली असते. दम्याचा इनहेलर तर चेंडूसारखा वाटतो. दात लागून तो फुटला की डब्यातलं साल्ब्युटामॉल एका दमात तोंडात जातं, हृदय सुसाट धावतं आणि रक्तातलं पोटॅशियम घसरतं.

धान्याच्या कोठीत ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या या सगळ्यांत वाईट. पोटातल्या आम्लाशी भेट झाली की त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि हृदयाच्या पेशींची ऊर्जा बनवण्याची यंत्रणाच बंद करतो. कोंबड्या दाणे समजून तिची भुकटी टिपतात, कुत्रा पिठात मिसळलेली गोळी खातो. यावरही उतारा नाही. असं जनावर ओकत असेल तर खोलीची दारं-खिडक्या सताड उघडा, जनावर मोकळ्या हवेत न्या आणि त्या ओकारीवर वाकू नका, त्यातून सुटणारा वायू माणसालाही बाधतो.

शेतातली औषधं वेगळ्या वाटेने हृदयापर्यंत जातात. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांनी जनावर लाळ गाळतं, डोळ्यांतून पाणी येतं, सतत हगतं-मुततं, अंगाचे स्नायू थरथरतात, बुबुळाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि हृदय मंदावतं. याला अॅट्रोपिन हा चांगला उपाय आहे. कण्हेरीतही मंद ठोक्यासाठी डॉक्टर अॅट्रोपिन वापरतात, पण तिथे ते पूर्ण उत्तर ठरत नाही.

एकच विष प्रत्येक जनावराला सारखं मारत नाही, याचं मला सगळ्यांत विचार करायला लावणारं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं 'गिफब्लार' आहे. पावसाआधी, सगळं रान करडं असताना या झुडपाला कोवळी हिरवी पालवी फुटते आणि गुरं तिच्यावर तुटून पडतात. त्यातलं फ्लुरोअॅसिटेट पेशीच्या ऊर्जाचक्रात शिरून ते अडवतं. गाय ते खाऊन शांत चरत राहते, मग पाण्यावर जाते, पाणी पिते आणि तिथेच कोसळते. गाईत हे हृदयाचं विष. तेच कुत्र्याच्या पोटात गेलं तर तो किंचाळत धावतो, झटके येऊन मरतो. म्हणून 'शेजारच्या कुत्र्याला असं झालं नव्हतं' या आधारावर गाईचं निदान करता येत नाही.

विंचवाचा उल्लेख केल्याशिवाय कोकणातला वाचक समाधानी होणार नाही. लाल विंचवाचं विष शरीरातल्या उत्तेजक रसायनांचा पूर आणतं, हृदय त्याखाली दमतं, फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन वापरून माणसांतले मृत्यू कसे कमी केले ते जगभर मान्य झालं. कुत्र्याला, विशेषतः छोट्या पिल्लाला, असा दंश झाला तर मंत्र, चुना, जखम कापणं यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

विषबाधेचा संशय आला तर

जनावर आहे तिथेच ठेवा. पोट मोकळं व्हावं म्हणून गाईला फिरवायची आपली जुनी सवय आहे. हृदयाच्या विषात प्रत्येक पाऊल हृदयावरचा भार वाढवतं. सावलीत, गर्दी आणि आरडाओरड्यापासून दूर, दावं सैल करून ठेवा. नळीने किंवा बाटलीने तेल, ताक, मीठपाणी घशात ओतू नका. मलूल जनावराला नीट गिळता येत नाही, आणि कण्हेरीतून वाचलेली गाय फुप्फुसात गेलेल्या तेलाने मरते. कुत्र्याला मीठ खाऊ घालून ओकायला लावू नका.

सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे. फोनवर चार गोष्टी सांगा: काय खाल्लं असावं, कधी, अंदाजे किती, आणि हृदयाचा ठोका कसा लागतोय. गाय व्यायलेली असेल तर ती तारीखही. डॉक्टर येईपर्यंत गव्हाण साफ करू नका, उलट तिचा फोटो काढा.

डॉक्टर बहुधा औषधी कोळसा पाण्यात कालवून नळीने पोटात सोडतील, किलोमागे १ ते २ ग्रॅम, गरज पडली तर पुन्हा. ही विषं आतड्यात परत परत येत राहतात, म्हणून दुसरा डोसही कामाचा असतो. मौल्यवान गाय असेल आणि वेळ हातात असेल तर कोटीपोट उघडून पानं बाहेर काढणं हाही पर्याय आहे. तालासाठी लिग्नोकेन, प्रोप्रॅनोलॉल अशी औषधं ठोका ऐकून, शक्य तिथे ईसीजी काढून दिली जातात. पहिला दिवस पार पडला तर आशा वाढते, पण पुढचे काही दिवस गाईला चरायला सोडू नये, बैल असेल तर औताला जुंपू नये.

वाचलेल्या गाईचं दूध डेअरीला घालायचं नाही आणि घरातही वापरायचं नाही. इटलीत कण्हेर खाल्लेल्या गाईंच्या दुधात आणि त्यापासून केलेल्या चीजमध्ये ओलिअँड्रिन सापडलं आहे. किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आणि जनावर गेलंच तर पुरायची घाई करू नका. शवविच्छेदनात हृदयाच्या आतल्या अस्तरावर रक्ताचे ठिपके दिसू शकतात, पण खरा पुरावा कोटीपोटातल्या चाऱ्यात असतो. कण्हेरीचं पान चामड्यासारखं जाड, भाल्यासारखं लांबट, आणि मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना एकमेकींना समांतर जाणाऱ्या बारीक शिरांच्या दाट ओळी, असं असतं. चावून तुकडा झाला तरी या ओळी ओळखू येतात. विम्यासाठी किंवा तक्रारीसाठी कोटीपोटातला चारा, यकृत, मूत्रपिंड आणि हृदय यांचे तुकडे वेगवेगळ्या स्वच्छ पिशव्यांत, बर्फात ठेवून डॉक्टरांमार्फत प्रयोगशाळेत जातात. सोबत गव्हाणीतला उरलेला चारा आणि त्याच ढिगातली एक फांदी पानांसकट द्या. उरलेला ढीग बाकीच्या गुरांच्या वाटेवरून त्याच दिवशी उचला आणि खड्ड्यात पुरा.